अंगठ्याचा की बोटांचा

गौरवनं तो कागद सोमवारी सकाळी आणला, आणि हसत हसत आणला. तिथंच वैजयंती उमराणीच्या मनात पाल चुकचुकली. गौरव तिच्या टीमचा प्रमुख, पुण्याचा, वय अठ्ठावीस-एकोणतीस, वागायला सभ्य. पण सोमवारी सकाळी हसणाऱ्यातला तो नव्हता.

"मॅम, छोटीशी फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला. "डिसेंबरमध्ये क्लायंटचं ऑडिट आहे. ज्यांचा हात, मनगट, मान दुखत असेल त्यांनी यात नाव लिहायचं. कंपनी त्यांना वेगळा माऊस देणार आहे. कोणता हवा ते सुद्धा तुम्हीच निवडायचं."

कागदावर रकाने आखलेले होते. नाव, नंबर, काय दुखतं (हात, मनगट की मान), केव्हापासून, सही. वैजयंतीची नजर 'केव्हापासून'वर अडकली. माऊसच द्यायचा आहे, तर केव्हापासून दुखतंय हे कशाला हवं?

तिनं कागद तसाच शेजारी बसणाऱ्या नीलाकडे सरकवला. नीला वानखेडे अमरावतीची. तिनं कागदाकडे नीट पाहिलंही नाही. "आपलं काही नाही बाबा दुखत," असं जरा मोठ्यानंच म्हणून तिनं तो पुढच्या रांगेत दिला. एकतीस माणसांत फिरून कागद परत आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं. प्रणिता. चोवीस वर्षांची, नवीन लागलेली. तीन आठवड्यांनी प्रणिताला तळघरातल्या स्कॅनिंग विभागात हलवलं. "तिथं माऊसचं काम कमी असतं, तिच्या भल्यासाठीच," असं गौरवनं सांगितलं, आणि सांगताना त्यानं कोणाच्याही डोळ्यांत पाहिलं नाही.

वैजयंतीनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कारण तिचा अंगठा चार महिन्यांपासून दुखत होता.

दोन हजार दहा साल होतं. नोएडातल्या त्या काचेच्या इमारतीत बसून ही माणसं परदेशातले नकाशे बनवत. विमानातून काढलेले फोटो पडद्यावर यायचे आणि माऊसनं एकेक घर, एकेक रस्ता, एकेक पोहण्याचा तलाव गिरवत जायचं. घराच्या चार कोपऱ्यांचे चार क्लिक. गच्ची वाकडीतिकडी असेल तर बारा. दिवसाला सहा-सात हजार क्लिक सहज होत. वैजयंती स्वतः राहायची ते इंदिरापुरम त्या काळात कुठल्याच नकाशात धड सापडत नव्हतं. तिच्या सोसायटीमागे सहा महिन्यांत तीन नवे टॉवर उभे राहिले होते आणि टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना अजून 'पाण्याच्या टाकीपासून डावीकडे' असं सांगावं लागे. पण अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातल्या कोणाच्या परसात तलाव आहे आणि कोणाच्या नाही, हे तिला पाठ होतं.

वीस वर्षांपूर्वी पुण्यात ती ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं नकाशे काढायची. हात तेव्हाही दमायचा, पण दुखायचा नाही. आता अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, कोणी तार ओढावी तशी कळ यायची. कुकरचं झाकण लागेना, किल्ली फिरेना. नवरा पद्माकर साहिबाबादच्या एका कारखान्यात इंजिनियर. तो सकाळी निघण्याआधी कणीक मळून ठेवू लागला. पण ऑफिसात तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. पूर्ण बाह्यांचे कुडते घालायची, आणि कळ आली की पडद्याकडे अशी बघत राहायची जणू एखादी अवघड गच्ची लागली आहे.

"नाव लिहून टाकायचं ना वैजू," पद्माकर म्हणाला. "फुकट मिळतोय माऊस."

"फुकट? अहो, आधी कोणाचं दुखतंय ते लिहून घ्यायचं, मग कोण हळू काम करतंय ते बघायचं, आणि मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्टची वेळ आली की दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. गेल्या वर्षी पाठदुखीची रजा घेतलेले दोघं आठवतात ना? कुठं आहेत ते?"

पद्माकरचा स्वभाव माणसांवर विश्वास ठेवणारा होता, आणि त्यामुळे घरातली शंका घेण्याची सगळी जबाबदारी वैजयंतीवर पडली होती.

जवळच्या वैशाली भागातल्या डॉक्टरांनी तिचा अंगठा मुठीत धरायला लावून मनगट खाली वाकवलं, आणि ती ओरडली. "हात हलवणं कमी करा, माऊस बदला," एवढंच ते म्हणाले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधायची तिची हिंमत नव्हती. कोण काय शोधतं हेही कुठेतरी नोंदत असतील. घरी मुलीनं, मयुरानं, शोधून दाखवलं. ट्रॅकबॉल नावाचा प्रकार असतो. त्यात माऊस जागचा हलत नाही, वरचा गोळा फिरवायचा, की बाण फिरतो. हात स्थिर राहतो. वैजयंतीला वायरलेसच हवा होता, कारण ऑफिसात कॉम्प्युटरचे डबे कुलपात असत. फक्त पुढच्या बाजूची एक खाच उघडी असे. नखाएवढा रिसीव्हर त्या खाचेत बसवला, की कोणाला वायर दिसणार नाही आणि संध्याकाळी काढून नेता येईल.

शनिवारी दोघं नेहरू प्लेसला गेले. नुकतीच तिथपर्यंत मेट्रो सुरू झाली होती. जिना उतरताच चार जण "सॉफ्टवेअर, मॅडम? टोनर?" करत मागे लागले. वैजयंतीनं पर्स छातीशी धरली. पहिल्या मजल्यावर चढ्ढा नावाच्या एका म्हाताऱ्या सरदारजींचं दुकान होतं. तिनं खोका हातात घेऊन आधी सील बघितलं. मग सीलच्या खाली दुसरं सील आहे का ते बघितलं.

"असली है जी," चढ्ढा म्हणाले. "किसके लिए चाहिए?"

"किसी और के लिए," वैजयंतीनं सांगितलं.

"अच्छा. उनको दर्द कहाँ होता है? अंगूठे में, या उंगलियों की तरफ?"

आता याला काय करायचंय, असं तिच्या मनात आलं. दुखणं कळलं की महागातलं औषध पुढे करायचं, हे सगळ्या दुकानदारांना येतं. ती खोक्यावरची किंमत वाचू लागली. पण पद्माकर बोललाच. "अंगूठे में. इन्हीं को है."

चढ्ढांनी मान हलवली आणि काचेवर दोन माऊस ठेवले. एक उजव्या हाताच्या आकाराचा, देखणा, उतरता, अंगठ्याशी निळा गोळा बसवलेला. त्यावर हात ठेवताच वैजयंतीला वाटलं की हा आपल्याच हाताचं माप घेऊन केलाय. दुसरा बसका, पेढ्याच्या खोक्यासारखा, मधोमध मोठा लाल गोळा. दिसायला खेळण्यासारखा.

"ये दीजिए," तिनं निळ्यावर बोट ठेवलं.

"ये मैं आपको नहीं दूँगा," चढ्ढा म्हणाले.

"क्यों?"

"इसमें गोला अंगूठा घुमाता है. दिन भर. जो दुखता है, उसी से काम कराओगे? दूसरा लो. दो उंगलियों से चलता है, और बाएँ हाथ से भी." त्यांनी बाही वर सरकवून स्वतःच्या मनगटाच्या कडेवरचा पांढरा वण दाखवला. "ऑपरेशन कराया है. मैंने भी अंगूठेवाला ही लिया था."

वैजयंतीनं त्या वणाकडे पाहिलं. वण कशाचाही असू शकतो. शिवाय लाल गोळ्याचा माऊस त्याच्याकडे बरेच दिवस पडून असेल. वरच्या खोक्यावर धूळ दिसत होती. ती पद्माकरला ओढून चार दुकानं पलीकडे घेऊन गेली. तिथला विक्रेता जेलनं केस बसवलेला, तत्पर. निळ्या गोळ्याचा माऊस त्याच्याकडेही होता.

"अंगूठे के दर्द में चलेगा?" तिनं विचारलं.

"बिल्कुल मॅडम! उसी के लिए बना है."

"और गर्दन के दर्द में?"

"उसमें भी, मॅडम."

"आँखों से पानी आता है, तो?"

"बहुत आराम मिलेगा, मॅडम!"

वैजयंती वळली आणि परत चढ्ढांच्या दुकानात आली. तो बसका माऊस त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला जोडून तिच्या डाव्या हाताखाली ठेवला. तिनं दोन बोटांनी गोळा फिरवला. बाण पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळाला आणि भिंतीला धडकल्यासारखा थांबला. दहा मिनिटं ती नुसती गोळा फिरवत राहिली. अंगठा मोकळा होता, हवेत. कळ आली नाही. तरीही बिल देताना तिनं बिलावर दुकानाचा शिक्का आहे ना, ते दोनदा बघितलं.

ऑफिसच्या दारात बायकांची झडती घेणाऱ्या गार्ड असत. पेन ड्राइव्ह, कॅमेरा काही आत न्यायला बंदी. माऊस नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत आणि रिसीव्हर केसांच्या पिनांच्या डबीत, असा तिनं तो आत नेला. त्या नखाएवढ्या तुकड्याला कोणी पेन ड्राइव्ह म्हटलं असतं तर नकाशे चोरल्याचा आळ आला असता.

पहिले दिवस फार वाईट गेले. डावा हात अडाणी निघाला. सरळ रस्ते गोगलगाय गेल्यासारखे यायचे. रोजचं काम निम्म्यावर आलं. बुधवारी गौरव मागे येऊन उभा राहिला.

"मॅम, स्पीड जरा कमी दिसतोय. सब ठीक ना?"

"नवीन भाग आहे. गच्च्या वाकड्या आहेत," ती म्हणाली आणि माऊसवर ओढणी सरकवली. त्यानं तो बघितला की नाही हे तिला कळलं नाही. काही वेळानं तो पुढच्या रांगेत खंडेराव भोईट्यांच्या खुर्चीशी वाकून हलक्या आवाजात बोलत होता. खंडेराव साताऱ्याकडचे, फौजेच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेले, पन्नाशी ओलांडलेले. गौरव रोज दुपारी त्यांच्यासोबत चहा प्यायचा. वैजयंतीनं तेही टिपून ठेवलं. टीममधलं कोण काय करतंय हे सांगायला कोणीतरी लागतंच ना.

पंधरा दिवसांत डावा हात शहाणा झाला, काम पूर्वीच्या पाऊणपट होऊ लागलं आणि उजवा अंगठा रात्री ठणकायचा थांबला. आणि मग वेगळंच सुरू झालं. जेवून परत आलं की माऊसची बटणं उलटी झालेली असायची. डाव्या हातासाठी तिनं सेटिंगमध्ये बटणं अदलाबदल करून घेतली होती. जेवणानंतर ती पुन्हा उजव्या हाताची झालेली. एकदा वाटलं, आपल्याच हातून चुकून झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं माऊस नाकाशी नेला. त्याला बामचा वास येत होता.

कोणीतरी तिच्या जागेवर बसत होतं. तपासत होतं. तक्रार तर करता येत नव्हती, कारण माऊसच चोरून आणलेला. तिला पहिली आठवण नीलाची आली. नीला हल्ली सारखी विचारायची, "ताई, आज किती झाले?" आणि जेवायलाही येत नव्हती, उपास आहे म्हणायची. आठवड्यातून पाच दिवस कसले उपास?

शुक्रवारी वैजयंती डबा घेऊन कॅन्टीनकडे निघाली आणि पाच मिनिटांत परत आली. हॉल जवळजवळ रिकामा होता. नीला तिच्या खुर्चीत बसली होती. कामाच्या प्रोग्रॅममध्ये तिनं वैजयंतीचं नाव काढून स्वतःचं टाकलं होतं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी लाल गोळा फिरवत ती भराभर घरं गिरवत होती. कुडत्याची बाही कोपरापर्यंत वर होती. मनगटावर क्रेप बँडेज.

"नीला."

नीला दचकून उठली. "ताई, सांगू नका. पाया पडते. गौरवला सांगू नका."

"मी सांगू? मला वाटलं तूच सांगतेस."

"मी?" नीलानं लाल गोळ्याकडे बोट केलं. "ताई, हा तुम्हाला कंपनीनं दिलाय ना? मला वाटलं, तुम्ही वरच्यांच्या जवळच्या आहात, म्हणून तुम्हाला गुपचूप दिला. तुमच्यापुढे हात दाखवायची मला भीती वाटायची."

वैजयंती खुर्चीवर बसली. तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. एका हाताच्या अंतरावर बसून दोघींनी कित्येक महिने एकमेकींपासून बाह्या खाली ओढल्या होत्या. नीलाचं दुखणं वैजयंतीपेक्षा जुनं होतं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, दोन मुलं गाझियाबादच्या शाळेत, आणि मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपणार. आपल्या माऊसनं दिवसभराचं काम पुरं होईना, म्हणून ती जेवणाच्या अर्ध्या तासात या गोळ्यावर भर घालायची.

"बाम लावून माऊसला हात लावू नकोस," वैजयंती म्हणाली. "गोळ्याखाली मळ साचतो. चल, आधी डबा खा."

त्या संध्याकाळी दोघी तळघरात प्रणिताला भेटायला गेल्या. तिनं पिशवीतून एक पत्र काढून दाखवलं. मार्चनंतर कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. म्हणजे वैजयंतीची शंका खोटी नव्हती. तिला आपलं बरोबर निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ती मुलगी कागदाच्या घड्या घालत उभी होती आणि वैजयंतीला आठवत होतं की आपण त्या दिवशी स्वतःची पाठ थोपटली होती.

सोमवारी ती सरळ गौरवच्या टेबलाशी गेली. "तो कागद द्या. मला नाव लिहायचंय."

गौरवनं आजूबाजूला पाहिलं. मग फार हळू म्हणाला, "मॅम, नका लिहू."

"का?"

"प्लीज. तुमचा तो माऊस मी पहिल्या दिवशीच बघितलाय. मी काही बोललो का? चालू दे ना तसंच." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "वरून सांगितलंय, मार्चपर्यंत तीन नावं दे. सगळ्यात हळू असलेल्यांची. मी अजून दिली नाहीत. कागदावर एकदोनच नावं असली ना, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

वैजयंतीला त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही ते कळेना. खरं बोलणारा माणूसही असाच दिसतो आणि गोड बोलून गप्प बसवणाराही. पण त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य तिनं उचललं.

"एकदोन असली तर. आणि वीस असली तर?"

गौरवनं खण उघडला, कागद बाहेर काढून टेबलाच्या कडेवर ठेवला आणि फोनवर बोलायला बाहेर निघून गेला.

ऑडिटला नऊ दिवस होते. वैजयंती आणि नीलानं एकेकाला गाठलं, कॅन्टीनमध्ये, बायकांच्या स्वच्छतागृहात, संध्याकाळच्या कॅबमध्ये. सगळे आधी नाहीच म्हणायचे. "मेरा कुछ नहीं दुखता, दीदी." मग वैजयंती आपली बाही वर करायची, नीला बँडेज सोडायची, आणि जरा वेळानं समोरचा माणूस आपली मान चोळायला लागायचा. काहींना वाटलं या दोघी कंपनीचीच माणसं आहेत आणि पारख करतायत. एकानं तर तिला स्पष्ट विचारलं, "आपको इसमें क्या मिलेगा?" एरवी हा प्रश्न तिनंच विचारला असता. "मेरा नाम ऊपर ही है, देख लो," एवढंच ती म्हणाली.

खंडेरावांकडे ती शेवटी गेली, आणि जाताना मन साफ नव्हतं.

"ताई, माझं काही दुखत नाही," ते म्हणाले.

"भाऊ, सगळे असंच म्हणत होते."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. माझा हात ठीक आहे, मनगट ठीक आहे, मान ठीक आहे. खोटं कसं लिहू?"

रोज गौरवसोबत चहा पिणारा माणूस दुसरं काय म्हणणार, असं म्हणून तिनं तो विषय सोडला. आग्रह केला नाही. उलट नीलाला बजावलं, यांच्यासमोर काही बोलू नकोस.

एकोणीस सह्या झाल्या. ऑडिटच्या दिवशी क्लायंटकडून आलेल्या उंच बाईनं हॉलमधून फेरी मारली आणि कागद मागितला. एकतीसात एकोणीस नावं बघून तिनं चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांचं इंग्रजी एकाएकी अडखळू लागलं. वैजयंतीच्या टेबलापाशी ती थांबली, लाल गोळा बोटानं फिरवून पाहिला आणि हे कंपनीनं दिलंय का, असं विचारलं. "नाही," वैजयंती इंग्रजीतच म्हणाली. "मी विकत घेतलं. चोरून आणते."

तिला कोणी काढलं नाही. जानेवारीत प्रणिता तळघरातून वर आली, तिचं पत्र रद्द झालं. दर तासाला पाच मिनिटं हात थांबवायचा नियम निघाला. फेब्रुवारीत एकोणीस नवे ट्रॅकबॉलही आले, आणि सगळेच्या सगळे निळ्या गोळ्याचे निघाले, अंगठ्यानं फिरवायचे, फक्त उजव्या हाताचे. खरेदी विभागानं चित्र बघून मागवले होते. वैजयंतीनं तिथं जाऊन भांडण केलं, तेव्हा निम्मे बदलून मिळाले.

मार्चअखेरीला तीन जणांची कॉन्ट्रॅक्टं संपली. नीला राहिली. वैजयंती राहिली. गेले ते दोन नवीन मुलगे आणि खंडेराव भोईटे.

गौरव एप्रिलमध्ये गुडगावच्या एका कंपनीत चालला होता. शेवटच्या दिवशी लिफ्टमध्ये दोघंच होते तेव्हा वैजयंतीनं विचारलं, "ती नावं तुम्ही दिलीत?"

"दिली," तो म्हणाला. खोटं बोलायचं ठरवून आयत्या वेळी कंटाळा आल्यासारखा. "वरून आलं होतं, सह्या केलेल्यांना हात लावायचा नाही, क्लायंटचं लक्ष आहे. मग राहिले बारा. त्यातले तीन हळू होते."

"खंडेराव तर तुमचे मित्र होते."

"म्हणूनच मॅम, मी त्यांना चार वेळा सांगितलं. सही करा, काहीही लिहा. ते म्हणाले, खोटं लिहिणार नाही." लिफ्टचं दार उघडलं. त्यानं हात पुढे केला. तिनं तो हातात घेतला.

त्या रविवारी ती पद्माकरला घेऊन शाहदऱ्याला खंडेरावांच्या घरी गेली. दोन खोल्या, भिंतीवर फौजेतला फोटो. त्यांच्या बायकोनं, कल्पनावहिनींनी, पोहे केले. खंडेरावांनी कोणाबद्दल वाईट शब्द काढला नाही. चहा देताना त्यांचा हात कपाच्या कानाच्या जरा बाजूला गेला, मग सापडला.

"भाऊ, तुम्ही इतके हळू कधीपासून झालात?" वैजयंतीनं विचारलं. विचारताना तिला वाटलं की हे आपण डिसेंबरमध्ये विचारायला हवं होतं.

"दीड वर्ष झालं असेल. गच्चीच्या कडा दिसत नाहीत नीट. धुकं आल्यासारखं वाटतं. पांढऱ्यावर पांढरं कळत नाही." ते हसले. "कागदावर हात होता, मनगट होतं, मान होती. डोळ्यांचा रकानाच नव्हता, ताई. मी काय लिहिणार?"

वैजयंतीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. तिनं या माणसाला इतके महिने हेर ठरवलं होतं. त्याच्या चहाच्या वेळा लक्षात ठेवल्या होत्या. सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस खरं बोलत होता, आणि तेवढ्या एकाच्याच बोलण्यामागे ती काहीतरी शोधत राहिली होती.

"कोणाला दाखवलंत?" पद्माकरनं विचारलं.

"दाखवायचंय," खंडेराव म्हणाले.

"ते दीड वर्ष हेच म्हणतायत," कल्पनावहिनी आतून म्हणाल्या.

शुक्रवारी वैजयंतीनं रजा टाकली. सकाळी सात वाजता ती आणि कल्पनावहिनी खंडेरावांना मधे घेऊन डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याच्या रांगेत उभ्या होत्या. साडेदहाला डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वेळेत आलात, महिन्याभरात पहिला डोळा करून टाकू. वैजयंतीनं विचारलं, कोणता डोळा आधी, लेन्स कुठली, दोन प्रकार असतील तर फरक काय, आणि तुम्ही आम्हाला यातली हीच का सांगताय. डॉक्टर वैतागले. खंडेराव मात्र तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून निवांत बसले होते.

"विचारू द्या त्यांना, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "मला घाई नाही."